घोंगडीच्या काठाचा रंग

माय, बाबांच्या घोंगडीचा काठ उंदरानं कुरतडला आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे. काळी लोकर धड आहे, तू पळसाच्या फुलांत रंगवलेला पिवळा काठच तेवढा गेला. फाटकं पांघरू नये हे तूच सांगून ठेवलंस, म्हणून बाबा घोंगडी अंगावर घेत नाहीत, आणि दुसरं काही दिलं तर ढकलून देतात. रात्रभर कुडकुडतात. "काठ जोडून दे, पण रंग तिचाच पाहिजे," म्हणतात.

शिमग्यात वेचून वाळवलेली फुलं होती. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळायची, नाहीतर रंग धरत नाही, एवढं मला आठवत होतं. पुढचं कुठून आठवणार? भांडं उतरवायची वेळ झाली की तू मला पिटाळायचीस. "जाय, आत्याकडून गाळणं आन. नजर लागते रंगाले." मी रडत जायची, परत यायची तोवर लोकर दोरीवर वाळत असायची. गेल्या आठवड्यात आत्याला विचारलं तर म्हणाली, "वहिनी लिंबू पिळे." बाबा उसळले, "लिंबू काऊन? चुलीतल्या राखेचं निवळलेलं पाणी टाके ते." इथे बुलढाण्यात गॅसवर राख कुठली? आत्याच्या चुलीतली डोणगावहून आणली. पळसाला पानं तीनच म्हणतात, पण माझ्या भांड्यात रंग दर वेळी निराळा. लिंबानं हळदीसारखा पिवळा आला, राखेनं भडक नारिंगी. नारिंगी बघून मी म्हटलं, बाबा चुकले.

मग काल जुना काठ उसवला. आतल्या दुमडीला कधी ऊन लागलं नव्हतं. ती नारिंगी होती, माझ्या राखेतल्या लोकरीसारखी हुबेहूब. म्हणजे आम्ही सगळे इतकी वर्षं जो तुझा रंग म्हणत होतो, तो उन्हानं विटलेला. आता तिचाच रंग म्हणजे कोणता, माय? तू भांड्यातून काढलेला, की बाबांच्या अंगावर होत गेलेला? मला खरंच कळत नाही, आणि विचारू कोणाला.

शेवटी लिंबाचा पिवळा जोडला. बाबांनी काठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, म्हणाले, "हाव, हाच तिचा," आणि पांघरून झोपले.

नारिंगी लोकर माझ्याजवळ आहे. पुन्हा पुन्हा काढून पाहते. पण खरं सांगू, त्या रंगात मला तू ओळखू येत नाहीस.