दर दोन तासांनी

४ मार्च
ताईने दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख सोडली! पुढच्या सोमवारी होतं. आता म्हणे रोबोटनेच करायचं, आणि त्याचा नंबर अकरा आठवड्यांनी. गुदाशयात कॅन्सरची गाठ घेऊन अकरा आठवडे! भावजी फोनवर मलाच शिकवतात — "तुमच्याच हॉस्पिटलात तक्ता लावलाय ना? रोबोटवाल्यांचं पोट अर्धा दिवस आधी सुरू होतं, घरीही लवकर सोडतात."
हा माणूस चप्पल घेताना चार दुकानं हिंडतो. इथे एक तक्ता बघितला आणि झालं!

६ मार्च
तक्ता नीट वाचला. मोठ्या डॉक्टरांचा अभ्यास. रोबोटने केलेले चाळीस पेशंट, दुर्बिणीने केलेले चाळीस. ऑपरेशननंतर पहिला गॅस कधी गेला, जेवण कधी दिलं, घरी कधी सोडलं. गॅस गेल्याशिवाय जेवण नाही, जेवण पचल्याशिवाय घर नाही. सगळं त्या एका गॅसवर! आणि ती नोंद आमच्या वॉर्डातली.

७ मार्च
सापडलं! हाताला लागले तेवढे जुने कागद काढून बसले होते. रोबोटवाल्यांना दर दोन तासांनी विचारलंय — गॅस गेला का? दुर्बिणवाल्यांना फक्त सकाळच्या राउंडला. म्हणजे दुपारी दोनला गॅस गेला तरी नोंद दुसऱ्या दिवशी आठची. तोवर बिचारा उपाशी! बरा झालाय, पण कोणी विचारलंच नाही.
पाच नंबरचे आजोबा एकदा म्हणाले होते, "सिस्टर, शेजारच्याला सारखं विचारता. आमचा गॅस काय सावत्र आहे?" तेव्हा मी फिदीफिदी हसले होते.

८ मार्च
मोठ्या डॉक्टरांकडे गेले. हात दाखवून अवलक्षण! "सिस्टर, थोडं इकडेतिकडे होणारच." त्या इकडेतिकडेवर माझी बहीण थांबलीय! हे वेळापत्रक ठरवलं कोणी, विचारलं. "बघतो." बघतो म्हणे! आणि परवा महिनाभर परदेशी निघाले.

९ मार्च
ताईला सगळं समजावलं. "तू डॉक्टर आहेस का?" म्हणाली आणि फोन आपटला.

१० मार्च
आज तिचं ऑपरेशन झालं असतं.

२ एप्रिल
तक्ता अजून तिथेच. येता-जाता लोक वाचतात. फाडून टाकावासा वाटतो. नाही फाडला. भित्री कुठली!

१४ एप्रिल
डॉक्टर परत आले, बोलावलं. टेबलावर रोबोटच्या अगदी पहिल्या पेशंटचा कागद. वर कोपऱ्यात लिहिलेलं — नवीन मशीन, दर दोन तासांनी विचारावे. खाली सही. माझी.
लख्ख आठवलं. नवीन मशीन आलं, सगळ्यांना कौतुक, मला जरा जास्तच! कोणीही सांगितलं नव्हतं. बाकीच्या सिस्टर तेच पुढे चालवत राहिल्या. दुर्बिणवाल्यांच्या कागदावरही तेच लिहावं, हे काही सुचलं नाही.
"चूक माझीही आहे, मी तपासायला हवं होतं. तक्ता काढतोय," डॉक्टर म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. महिनाभर मी ह्या माणसाच्या नावाने बोटं मोडली. आपलेच दात, आपलेच ओठ!

१५ एप्रिल
ताईकडे गेले. कागद दाखवला, सही दाखवली. तिने सही दोनदा वाचली. मग — "लहानपणापासून तुला नसती कामं अंगावर घ्यायची खोड!" आणि रडायला लागली. मीही. भावजी चहा ठेवायला उठले, आणि मी त्यांच्यावरच खेकसले. काय कारण होतं? काही नाही. कोणावर तरी ओरडायचं होतं.
दुर्बिणीची तारीख मिळाली. चोवीस. त्याआधी स्कॅन परत करायचा.

२० एप्रिल
स्कॅन आला. यकृतावर दोन डाग. फेब्रुवारीत नव्हते. चोवीसचं ऑपरेशन रद्द, आधी केमो.
"थांबले नसते तर?" ताईने विचारलं. भावजींना नाही. मला.