पाद्रीबुवा, बूबाख आणि लोण्याचं पिंप

पूज्य नेस्टताई,

धाकट्या मल्टचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थंडीबरोबर गेला असेल, अशी आशा आहे. इकडे मी ठणठणीत. मेंढ्याही बऱ्या आहेत (लंगडी सोडून, ती मुळातच कुरकुरी).

चॅपेलचे नवे पाद्रीबुवा, इसाया प्रॉसर, यांच्या घराचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत मी त्यांना ठेवून घेतलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. विधवेनं असं करावं का, हेही आलं असेल. तू मला ओळखतेस. लोकांच्या बोलण्यानं माझी चूल विझत नाही. अडचण लोकांची नव्हती, आपल्या बूबाखाची, घरातल्या त्या कामसू भुताची होती. आईच्या वेळेपासून तो या घरात आहे. एवढासा, केसाळ, चुलीपाशी सायीची वाटी ठेवली की सकाळी पिंपात लोणी तयार. आमचे हे गेल्यापासून तर घरात दुसरी जाग त्याचीच. मी दिवसभर त्याच्याशी बोलते, तो उत्तर देत नाही. (हेही देत नसत.)

पण बूबाखाला दोन गोष्टी खपत नाहीत: लांबलचक प्रार्थना आणि दारूचा थेंबही न घेणारा माणूस. पाद्रीबुवांत दोन्ही एकत्र! पहिल्याच सकाळी ते गुडघे टेकून देवाला हाक मारतात तोच कोपराखालचं स्टूल सरकलं आणि हनुवटी फरशीवर आपटली. मग चष्मा लापशीत सापडला. मी खरं काय ते सांगितलं, तर त्यांनी सायीची वाटी उचलून मांजरापुढे ठेवली. म्हणाले, "बाई, या घराला न दिसणारा मालक एकच, आणि तो साय मागत नाही!"

सकाळी पिंपात लोण्याचा कण नाही, आणि कार्डिगन गावचा बाजार तोंडावर! मी जे बोलले ते कुठल्या पाद्र्यानं आजवर ऐकलं नसेल. "माझा कामकरी तुम्ही रुसवलात, आता तुम्हीच घुसळा!" आणि ताई, त्यांनी खरंच कोट काढला. भजनं म्हणत दुपारपर्यंत दट्ट्या हाणत राहिले, तळहाताला फोड आले, पण लोणी काढलंच. (पाद्र्याच्या मानानं त्यांचे दंड भलतेच भरदार आहेत. हे आपलं सहज लिहिलं.)

आपलं काम दुसऱ्यानं केलेलं पाहून बूबाख पेटला. रविवारी चॅपेलची वडीलधारी मंडळी जेवायला होती. पाद्रीबुवा बसायला गेले, खुर्ची मागे सरकली आणि ते थेट ताकाच्या टबात, पाय वर! थोरले पेन्री उठून ओरडले, "सैतान!" तर टबातून हसू ऐकू आलं. पाद्रीबुवा पोट धरून हसत होते, मिशीतून ताक गळत होतं. "सैतान कसला हो, माझ्यापेक्षा चांगलं लोणी काढणारा आहे तो. त्याची साय मी मांजराला घातली, मग रागावणार नाही तर काय?"

ताई, हे गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. मी हसले. मग रडले. मंडळी न जेवताच गेली (त्यामुळे रस्सा भरपूर उरला).

संध्याकाळी पाद्रीबुवांनी स्वतः सायीची वाटी ठेवून माफी मागितली. फार लांबलचक मागितली, सवयच ती. मधेच फडताळावरची पळी त्यांच्या टाळक्यात बसली. तेव्हा समेट काही होत नाही, हे मला कळून चुकलं. दोघांपैकी एकानं जायला हवं, आणि कुणी ते मी ठरवलंय. मी डगमगणारी नाही, हे तुला ठाऊक आहेच.

मुलांना पापे.

तुझी,
मल्ट

ता. क. – आमचं लग्न मेंढ्यांची लोकर कातरून झाली की. पाद्रीबुवांनी विचारलं, मी विचार करायला वेळ मागितला, आणि तो मिळायच्या आत हो म्हणून बसले.

ता. क. दुसरा – खरं काम हे: बूबाखाला तू ठेवून घे. भावोजी घरी बिअर गाळतात आणि प्रार्थनेत डुलक्या काढतात; त्याला असा यजमान शोधून सापडायचा नाही. लग्नाला येताना झाकणाची मोठी टोपली आण.

ता. क. तिसरा – टोपली नको. टपालाची गाडी दारात उभी आहे, घाईत लिहिते. गाडीतल्या मागच्या गवतात बूबाख आधीच चढून बसलाय. मी हाक मारली तरी वळून बघितलं नाही. पण आज सकाळी पिंप लोण्यानं काठोकाठ भरलेलं होतं. त्याला साय घट्ट लागते, ताई. सुरुवातीला तुमच्याकडे काही पडलं-फुटलं तर रागावू नकोस; इतक्या वर्षांनी घर सोडलंय, त्यालाही जड जात असेल.