सीटवरची रजई

प्रिय पोरी,

आता तुला सून म्हणायचं की काय, ते मला कळत नाही, म्हणून पोरी. कागदावर सह्या करून तुम्ही दोघं वेगळे झालात, त्याला दीड वर्ष झालं. जाताना तू तुझी विजेवरची गाडी आमच्या दारात ठेवून गेलीस, यांना डायलिसिसला न्यायला. मी तोंड फुगवून चावी घेतली, दोन शब्द बोलले नाही. ते आज लिहिते. अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

थंडी पडली आणि गाडीने माझा जीव खाल्ला. दवाखाना साठ किलोमीटर. चार तास मशीनवर पडून उठले की हे गारठलेले असतात, म्हणून मी हीटर फुल्ल सोडायची. बॅटरी डोळ्यांदेखत उतरायची. एकदा परतताना नऊ टक्के उरली. हीटर बंद केला, तर यांचे दात वाजायला लागले. घरी आल्यावर म्हणाले, बास, आता मी जाणार नाही, अंथरुणात उबेला मरू दे. मशीन सोडलं तर माणूस किती दिवस काढतो, ते डॉक्टरीणबाईंनी मला सांगून ठेवलं होतं. मी यांच्यावर ओरडले आणि मोरीत जाऊन रडले.

तू फोनवर सांगितलं होतंस, आई, सीट गरम करायचं बटण वापरा, त्याला वीज नावाला लागते. दाबलं होतं की! ढिम्म. मग मी कामावर, लाँड्रीत, सगळ्या बायकांना सांगत सुटले, सुनेने मोडकी गाडी गळ्यात मारली म्हणून.

पुढच्या खेपेला यांना अक्षरशः ओढून नेलं. परतताना काही सुचेना म्हणून पुन्हा ते बटण दाबलं. तरी हे कुडकुडतच होते. शेवटी गाडी बाजूला घेतली, यांना उठवलं, खालची रजई ओढून काढली आणि अंगावर टाकली. सीट मळू नये म्हणून मीच ती दुहेरी घडी करून अंथरली होती. हे परत टेकले आणि ओरडले, अगं, खालून चटका बसतोय! म्हणजे तुझी सीट एवढे दिवस माझी रजई शेकत होती. बावीस वर्षं इस्त्री करते मी. ऊब कपड्याला द्यायची, खोलीला नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं?

आता गाडी दवाखान्यात चार्जिंगला असतानाच आतून तापवून घेते. वाटेत फक्त सीट आणि अंगावर रजई. घरी पोचतो तेव्हा तीस टक्के उरतात आणि हे घोरत असतात. एक खेप चुकवलेली नाही. लाँड्रीत बोलले ते लाँड्रीतच परत घेतलं.

आता खरं कशाला लिहिलं ते. तू पुन्हा लग्न करते आहेस आणि आम्हाला कसं सांगावं म्हणून गप्प आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. माझ्या पोराने तुला सुख दिलं नाही. मी ते बघत होते आणि तोंडात मूग धरून बसले. तू गप्प बसू नकोस. हे रोज विचारतात, तिने बोलावलं का? फक्त लग्नाला मंगळवार, गुरुवार, शनिवार धरू नकोस, ते मशीनचे वार. बाकी कुठल्याही दिवशी, कितीही लांब असो, मी यांना घेऊन येते.

तुझीच,
आई म्हणायचीस ना, तीच