सरळ गोळीचा हंगाम

१४ जून
लॉटरी लागली. रानमेंढ्याचा परवाना. मिझुरी नदीच्या काठच्या घळींमधला, म्हणजे अख्ख्या मोंटानात सर्वांत मोठ्या शिंगांचा मेंढा. लग्न झाल्यापासून दरवर्षी अर्ज करतोय, दरवर्षी नकार. इथे लोक अर्ज करता करता मरतात. औषधवाल्या ग्रॅनमोचा शेवटचा नकार त्याच्या अंत्यविधीच्या आठवड्यात आला. हा परवाना माणसाला जन्मात एकदा मिळतो. काहींना तेवढाही नाही.
मार्लिसने हात पुसले, मला मिठी मारली आणि म्हणाली, "आता फक्त नेम लागला पाहिजे."
बायको म्हणून बोलली असेल.

१५ जून
नियोजन. आधी जुन्या अपयशांचा शांतपणे विचार केला. गेल्या वर्षीचं हरीण. त्याआधीचं हरीण. त्याआधी कुंपणाजवळ उभा असलेला एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, जो पहिल्या बारानंतरही चरत होता. या सगळ्यांत एकच गोष्ट समान आहे.
दुकानातली काडतुसं.
यापुढे काडतूस स्वतः भरणार.

२ जुलै
प्रेस आली. गॅरेजमधल्या बाकावर बसवली. मार्लिसच्या बरण्या खाली जमिनीवर. काम सोपं आहे. पितळी पुंगळी, तळाला ठिणगीची टोपी, आत दारू, वर गोळी. लिव्हर दाबला की गोळी पुंगळीच्या तोंडात बसते.
मार्लिसचा भाऊ व्हर्न येऊन गेला. त्याच्याकडे त्याच्या बापाची रायफल आहे. काडतुसं तो हार्डवेअरच्या दुकानातून आणतो, खिळ्यांच्या शेजारच्या फळीवरून. त्याने माझं एक काडतूस उचलून वास घेतला. म्हणाला, "छान चमकतंय. अंगठीत बसवून घे."
त्याच्या घरात एल्कची चार डोकी आहेत. नशीब.

६ जुलै
रेंज. नेमबाजीच्या मैदानावर निशाण शंभर यार्डांवर. गोळ्या हातभर पसरल्या. एक निशाणाच्या पायालाच लागली.
व्यायाम उद्यापासून. रोज दोन मैल, पाठीवर वाळूची पिशवी.

९ जुलै
कारण सापडलं. इंटरनेटवर आयडाहोतले एक सद्गृहस्थ आहेत, त्यांनी या विषयावर अनेक पानं लिहिली आहेत. दाबताना गोळी पुंगळीत किंचित वाकडी बसते. डोळ्यांना दिसत नाही. पण वाकडी बसलेली गोळी नळीत वाकडी शिरते, आणि वाकडी शिरलेली गोळी सरळ जात नाही.
वाचताना अंगावर काटा आला. इतकी वर्षं!
मी आयुष्यभर गारपिटीच्या विम्याचं काम केलं. शेतकरी सांगायचा, सगळा गहू गेला. मी शेतात जाऊन मोजायचो आणि सांगायचो, एकोणीस टक्के. मोजल्याशिवाय काही खरं नसतं.
मोजायचं गेज मागवलं.
पाऊस. चाललो नाही.

१८ जुलै
गेज आलं. काडतूस आडवं ठेवायचं, बोटाने फिरवायचं, गोळीच्या टोकाशी काटा किती हलतो ते बघायचं. माझा काटा चार ते सहा हजारांश इंच हलतो.
अंदाज यावा म्हणून मार्लिसच्या फणीतला एक केस मोजला. तीन हजारांश. म्हणजे माझी गोळी मार्लिसच्या एका केसाहून जास्त वाकडी आहे. धावत जाऊन तिला सांगितलं.
ती म्हणाली, "आणि मेंढ्याची छाती किती हजारांश असते?"
अशा प्रश्नांमुळेच माणसं दुकानातून काडतुसं आणतात.

३ ऑगस्ट
नवी पद्धत. गोळी अर्धीच दाबायची, पुंगळी अर्धा फेरा फिरवायची, मग पूर्ण दाबायची. आधी पुंगळीच्या तोंडाची कड आतून घासून घ्यायची. चारवरून तीनवर आलो.
जी काडतुसं तीनच्या वर जातात ती मोडतो. त्यासाठी हातोडीसारखं एक साधन मिळतं. काडतूस आत अडकवून फरशीवर आपटलं की गोळी निसटते. कधी चार ठोक्यांत, कधी चौदा.
मार्लिसने शेजारणीला सांगितलं, आम्ही सुतारपक्षी पाळलाय. तो निवृत्त आहे, म्हणून दिवसभर घरीच असतो.

२२ ऑगस्ट
व्हर्न आणि मार्लिस घळींमध्ये टेहळणीला गेले. मी जाणार होतो, पण पुंगळ्यांच्या मानेची जाडी मोजायची राहिली होती.
मेंढा दिसला. मार्लिस सांगत होती तेव्हा तिचे हात हवेत गोल फिरत होते. शिंगं पूर्ण वळलेली, टोकं डोळ्यांच्या वर आलेली. "दगडासारखा उभा होता रे," म्हणाली. "आमच्याकडे बघत होता. आपण त्याच्या अंगणात आलोय असं वाटलं."
तिच्या चेहऱ्यावर ऊन लागलं होतं. छान दिसत होती. तिला सांगितलं, आज अडीच हजारांश.

१५ सप्टेंबर
हंगाम सुरू. व्हर्न पहाटेच ट्रक घेऊन दारात. त्याला सांगितलं, जन्मात एकदा मिळणारा मेंढा, त्याला अडीच हजारांशाने मारायचं? थांबू. नोव्हेंबर संपेपर्यंत वेळ आहे.
व्हर्न म्हणाला, "वेळ तुझ्याकडे आहे. माझा गुडघा नोव्हेंबरपर्यंत माझा, नंतर डॉक्टरचा."
डिसेंबरात त्याचं ऑपरेशन आहे. तो नसेल तर त्या घळींमध्ये मी उतरलेला परत वर येणार नाही, हे मलाही ठाऊक आहे.
मार्लिसने बांधलेले सँडविच त्याने एकट्याने खाल्ले.

८ ऑक्टोबर
रेंज. दोन हजारांश. गोळ्या हातभर पसरल्या.
वारा.
व्हर्न सोबत आला होता. सगळे निशाणाकडे बघतात, हा माझ्या तोंडाकडे बघत होता. जाताना म्हणाला, "एल्डन, गोळी सरळ आहे रे."
हे त्याने पहिल्यांदा मान्य केलं.

१९ ऑक्टोबर
प्रश्न सुटला. आयडाहोवाल्यांचा शेवटचा लेख. गोळी नेहमीपेक्षा लांब बसवायची, इतकी की काडतूस भरलं की तिचं नाक नळीतल्या आट्यांवर जाऊन टेकतं. मग सरळपणा नळीच देते. वाकडं जायला तिला जागाच उरत नाही. बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती कडी, बंद करताना हाताला किंचित अडतं. मखमलीवर ओठ टेकवल्यासारखं.
व्हर्नला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि बार न टाकता काडतूस बाहेर काढायचं झालं तर?"
म्हणालो, "काढायचं कशाला? भरलं की उडवायचं."
म्हणाला, "बाबा रे, शिकारीत भरलेलं काढण्यातच निम्मा दिवस जातो."
दुकानातली काडतुसं वापरणाऱ्याशी या विषयावर बोलू नये.

६ नोव्हेंबर
एक हजारांश! दहा काडतुसं, दहाही एकच्या आत. मखमलीच्या डबीत ठेवली. डबी मार्लिसच्या कानातल्यांची.
निघणार होतो, पण बर्फ.

१७ नोव्हेंबर
बर्फ वितळलं. चिखल. इथला चिखल चाकाला लागला की चाक ट्रकपेक्षा मोठं होतं. निघालो नाही.
वाळूची पिशवी फाटलेली सापडली. मांजर. तिने वापरली हे बरं झालं.

२६ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टर्की. व्हर्न काठी घेऊन आला. जेवताना कोणी मेंढ्याचं नाव काढलं नाही. शेवटी मार्लिसने टर्कीचा पाय कापता कापता म्हटलं, "मी आणि व्हर्न रविवारी जातोय. शेवटचा दिवस. परवाना तुझ्या नावावर आहे, तेव्हा तू आलास तर बरं दिसेल."
हिला जायचंच होतं तर आधी सांगायचं.

२९ नोव्हेंबर, रात्री नऊ
पाय सुजलेत. क्रमाने लिहितो.
पहाटे उतरलो. हवा थंड, कोरडी. वारा नाही. तासाभरात मला दम लागला, व्हर्नला गुडघा. मार्लिस पुढे. तिनेच हात वर केला. समोरच्या कड्यावर तो उभा. तोच, पूर्ण वळलेल्या शिंगांचा.
ताबडतोब काडतूस भरलं. मखमल. बोल्ट बंद. पण तेवढ्यात मेंढा दोन पावलं टाकून कड्यामागे गेला. व्हर्न म्हणाला, मधली घळ ओलांडून पलीकडे चढू, तो तिथेच चरत असेल. "पण आधी चेंबर रिकामं कर."
आमच्याकडे भरलेल्या रायफलने कोणी कुंपण ओलांडत नाही, घळ उतरत नाही. व्हर्नच्या बापाने हा नियम दोघा भावंडांना चालता येण्याआधीच शिकवला होता. नळीतलं काडतूस काढेपर्यंत व्हर्न जागचा हलणार नव्हता.
बोल्ट ओढला. पुंगळी आली. गोळी आली नाही. ती नळीतच रुतून बसली. पुंगळीतली दारू रायफलच्या पोटात सांडली, खसखशीसारखी.
तिघं बघत राहिलो. रायफल बाद. नळीत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी उडवली तर रायफल फुटते आणि मागे उभा असलेला माणूसही.
मार्लिस नळीत डोकावली. "एल्डन, सरळ बसलीय का रे?"
व्हर्न हसला नाही. त्याने आपली रायफल माझ्या हातात दिली. बापाची. म्हणाला, "चल. वेळ घालवू नकोस."
त्याच्या काडतुसांचं मोजमाप विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. याचं श्रेय मला कोणी देणार नाही.
घळ उतरलो, चढलो. मेंढा तिथेच. दीडशे यार्ड, आडवा उभा. दगडावर पालथा झालो. श्वास अर्धा सोडला. नेमाचा काटा छातीवर. चाप ओढला.
टक्.
व्हर्नचं चेंबर रिकामं होतं. अर्थातच. बोल्ट ओढून काडतूस आत घ्यायचं मी विसरलो. बार झाला नाही, धक्का बसला नाही, काहीच झालं नाही. तरीही रायफलचं तोंड वीतभर खाली गेलं होतं. ते मी पाहिलं. व्हर्नने पाहिलं.
मार्लिस रायफलकडे बघत नव्हती. ती माझ्या शेजारी आडवी होती, तोंडाला तोंड लागेल इतकी जवळ. हळूच म्हणाली, "तुझे डोळे मिटले होते."
म्हणालो, "नव्हते."
म्हणाली, "खांदाही वर आला. इंजेक्शन देताना येतो तसा."
व्हर्न कुजबुजला, "अजून उभाय. बोल्ट ओढ. डोळे उघडे ठेव, बस. बाकी काही नको."
बोल्ट ओढला. काटा छातीवर ठेवला. मनाशी म्हटलं, उघडे, उघडे, उघडे.
आवाज झाला तेव्हा अंधार होता.
धूळ आमच्या बाजूच्या उतारावर उडाली. मेंढ्याच्या वीसेक फूट अलीकडे. त्याने धुळीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि घाई न करता खाली नदीकडे निघून गेला.
चढायला चार तास लागले. शेवटी मार्लिसने दोन्ही रायफली घेतल्या आणि मी व्हर्नला धरलं. की व्हर्नने मला. ट्रकमध्ये बसल्यावर व्हर्न एवढंच म्हणाला, "देखणा होता."
मार्लिस म्हणाली, "हो."
मी म्हणालो, "अंतराचा अंदाज थोडा..." आणि थांबलो. काच खाली करून बाहेर बघत बसलो.

१ डिसेंबर
हंगाम संपला. नळीत रॉड घालून गोळी ठोकून काढली.
गेजवर ठेवली नाही.

१२ डिसेंबर
व्हर्नचं ऑपरेशन झालं. बघायला गेलो. म्हणाला, "माझाही खांदा उडायचा. बापाने एक हिवाळाभर छऱ्याच्या बंदुकीवर बसवलं तेव्हा ती खोड गेली." एवढी वर्षं का सांगितलं नाहीस, विचारलं.
"सांगितलं की," म्हणाला. "दरवर्षी. तू दर वेळी नवीन काहीतरी विकत आणायचास."

१९ डिसेंबर
व्हर्नची शेड. तो खुर्चीत, पाय उलट्या बादलीवर. मार्लिस माझ्या शेजारी, माझ्या डोळ्यांवर पहारा ठेवायला. छऱ्याची बंदूक, पंधरा पावलांवर टोमॅटो सूपचा रिकामा डबा. या बंदुकीला धक्का नाही, आवाज शिंकेएवढा. तरी पहिल्या छऱ्याला मिटले. दुसऱ्याला मिटले. मार्लिस मोठ्याने सांगत होती, "मिटले. मिटले. एक मिटला."
मग एकदा ती काहीच बोलली नाही.
डबा पडला नाही. छर्रा त्याच्या डावीकडे फळीत घुसला, बारीकसा भुसा उडाला, डबा तसाच उभा राहिला.
हे सगळं मी पाहिलं.