पायगुण

प्रेमलामावशीस सप्रेम जयभीम,

काल हातखंब्याला गाडी बदलून तू बाळाला बघायला आलीस, पण दारातच थांबलीस. तुझी मुलं एकामागून एक पोटातच गेली, म्हणून सगळे तुझ्या पायगुणाला नावं ठेवतात.

माझंही पहिलं तसंच गेलं. मग रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की माझ्या रक्तात गुठळ्या होतात. रोज पोटात इंजेक्शनं घेतली, तेव्हा हे बाळ हाती आलं. "माहेरी कुणाची मुलं अशी गेलीत का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सासूबाई शेजारी होत्या. मी नाही म्हटलं.

तुझाही हाच आजार असणार, मावशी. काल सासूबाईंसमोर हे बोलायला हवं होतं. तू विचारलंस, "घेऊ का गं जरा?"

बाळ जागं होतं. मी म्हटलं, "आत्ताच झोपलंय."

हे पत्र पाठवायचाही धीर नाही.

तुझी,
आम्रपाली