नववा आणि दहावा

डेट्रॉइट,
९ नोव्हेंबर १९६७

प्रिय फायवेलदादा,

गुडघे काय म्हणतात? वहिनी साखरेचं पथ्य स्वतः पाळते, की फक्त तुझ्याकडून पाळून घेते? मी ठणठणीत आहे.

तू ज्याला ‘लायबेलचा तमाशा’ म्हणतोस, तो आमचा पंथ जोरात चाललाय. आठ घरांपासून सुरुवात केली, आता शाळेचं सभागृह पुरत नाही. सण, गाणी, मेणबत्त्या सगळं आहे. देवाला तेवढी हाक मारत नाही. परवा एका वार्ताहराने विचारलं, "रब्बी, देव वगळला तर उरलं काय?" म्हटलं, "माणसं. तीही वेळेवर येत नाहीत!" जे मनात नाही ते तोंडाने म्हणायचं नाही, यावर मी आजही ठाम आहे.

आपल्या ज्यू पंचांगाप्रमाणे येत्या गुरुवारी आईला जाऊन वर्ष होईल. पत्र खरं तर त्यासाठीच.

आईला पुरलं त्या संध्याकाळी तुझ्या घरी बेकरीवाले झुस्मन प्रार्थनेला जमलेली माणसं दृष्ट लागू नये म्हणून ‘नाही’ लावून मोजत होते, "नाही एक, नाही दोन..." ‘नाही नऊ’वर अडले. दहा पुरुष झाल्याशिवाय तुला आईसाठी कद्दिश, गेलेल्यांसाठीची ती प्रार्थना, म्हणता येणार नव्हती. मी व्हरांड्यात होतो. तू दारात येऊन म्हणालास, "लायबेल, तोंड उघडू नकोस. नुसता आत उभा राहा."

"खोटं उभं राहणं मला जमणार नाही," म्हणालो आणि निघालो.

हा किस्सा मी भाषणात तीनदा सांगितला. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. पुढचं मात्र कुणाला सांगितलं नाही. मी कोपऱ्यावर गाडीत बसून होतो. तासाभराने ती माणसं कद्दिशविनाच बाहेर पडताना पाहिली, तरी उतरलो नाही. ते तत्त्व नव्हतं दादा, राग होता. कबरीपाशी तू मला आईबद्दल दोन शब्द बोलू दिले नाहीस. त्याचा वचपा मी आईवर काढला. फार लाज वाटते.

माझी मतं तीच आहेत. ‘आमेन’ म्हणणार नाही. पण मोजताना झुस्मन श्रद्धा विचारत नाहीत, डोकी मोजतात. गुरुवारी गाडी काढून येतोय. दहा आधीच भरले असतील, तर अकरावा म्हणून उभा राहीन. प्रार्थना संपल्यावर मला आईबद्दल दोन शब्द बोलू दे.

या वेळी व्हरांड्यात न थांबणारा,
तुझा धाकटा,
लायबेल