हा घास कोणाचा

२ मार्च
पोचले एकदाची! एकसष्टाव्या वर्षी परदेशातल्या बालगृहात तीन महिने सेवा करायला निघाले, तेव्हा आमचे हे म्हणाले होते, घरात तर पाण्याचा पेला उचलत नाहीस. त्यांना इथला भांड्यांचा ढीग दाखवायला हवा. सव्वीस मुलं, सव्वीस वाडगे आणि घासायला मी. सकाळी दुधातली लापशी, दुपारी उकडलेले बटाटे, पाव आणि सूप. मिठाशी स्वयंपाक्याचं भांडण असावं. गडी अगडबंब, मिशाळ, पण हळवा. कांदा न चिरताच डोळे पुसतो. व्यवस्थापक बाईंनी एकच नियम सांगितला. मुलं आपल्या हाताने जेवतात, कोणी भरवायचं नाही. शिस्त आहे, आवडली मला.

५ मार्च
कोपऱ्यातल्या टेबलावर चारेक वर्षांची एक मुलगी बसते. बोलत नाही, खातही नाही. वाडगा भरलेलाच परत येतो. बाहुलीसारखी दिसते म्हणून मी तिला ठकी म्हणते. माझी नात चिमी तिच्याच वयाची, तीही जेवताना असाच छळ मांडते. आज राहवलं नाही. बाई बाहेर गेल्या होत्या. बटाटा कुस्करला, सुपात कालवला आणि सुरू केलं, हा घास काऊचा, हा घास चिऊचा. दोन्ही थुंकले कार्टीने. मग यांची आठवण काढून म्हटलं, हा घास आजोबांचा, तर पटकन गिळला! माझी बोटंसुद्धा चाटली. मला कोण आनंद झाला.

६ मार्च
ठकी दारातच वाट बघत होती. आज माझ्या लेकीच्या नावाचा घास. गालांवर रंग चढलाय पोरीच्या.

जावयांचा फोन आला. यांना कालपासून अन्न जात नाही, घसा बंद झाल्यासारखा वाटतो म्हणे. बाहेरचं अबरचबर चापलं असेल. मी नाही म्हणजे रान मोकळं.

८ मार्च
यांना सलाईन लावलंय. परवापासून लेकीच्याही घशाखाली पाणी उतरत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. तरी ठकीला उपाशी ठेवणं जमेना. चिमीच्या नावाचा घास उचलला, नाव ओठांवर आलं, तोच स्वयंपाक्याने माझ्या हातावर पळी मारली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, किती जणांची नावं घेतलीस? दोघांची, म्हटलं. सतरा वर्षांपूर्वी त्यानेही तिला भरवलं होतं. तेव्हाही ती एवढीच होती. त्याच्या घरात पाच माणसं होती.

होती, म्हणाला.

९ मार्च
घास द्यायचाच नाही. ठकी बाही धरून मागे फिरते. तोंड उघडं. शेजारणीचं नाव घेतलं — देवा, क्षमा कर मला — थुंकला. तिला माझीच माणसं लागतात. मग माझं स्वतःचं नाव घेतलं. तोही थुंकला. मला घे ना गं, मला घे — पाया पडले तिच्या. त्या एवढ्याशा पायांना—

लेक अतिदक्षता विभागात आहे. हे ओळखत नाहीत कोणाला.

स्वयंपाकी म्हणतो, तिसरं नाव तिला कळलेलं नाही. कळायच्या आत नीघ.

१० मार्च
गाडी दोनला येईल. बॅग दारात. ठकी पायरीवर बसलीय, मांडीवर वाडगा. मी तिच्याकडे बघत नाही. मनातसुद्धा चिमीचं नाव घ्यायला भीती वाटते. आलेच बाळा, आलेच—

पावणेदोन
फोन वाजला. उचलायला नको होता — पण लेकीचं काही बरंवाईट — जावयांनी चिमीलाच पडद्यासमोर धरलं. आज्जीशी बोल म्हणाले. रडत होती. मी फोन उलटा करायच्या आत ठकी माझ्या खांद्यावरून वाकली. बघितलं. हसली.

मी मूठ आवळली. तिने एकेक बोट उघडलं — केवढी ताकद — हातात घास ठेवला, हात स्वतःच्या तोंडाशी ओढला.

मी ओठ चावून गप्प. रक्त आलं. एक अक्षर बोलले नाही मी, एक अक्षर—

चिमीला खेळच वाटला. रडणं थांबलं. टाळ्या पिटत म्हणाली, आज्जी, आता हा घास